पाठीतल्या पाण्यातली रेघ

अविनाश,

काल लातुरात तुझी शोकसभा झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी तुला ऋषितुल्य म्हटलं. त्यांच्यानंतर उठलेल्या प्रत्येकाला तोच शब्द सुचला, कारण तो व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेला होता. फोटो तूच निवडला असतास असा होता. पांढरा कोट, हातात काचेची बारीक नळी, आणि नजर नळीवर नसून कॅमेऱ्याकडे. ती नळी रिकामी होती. फोटो काढला तेव्हा मी शेजारी उभी होते. "निदान पाणी तरी भर," मी म्हणाले होते. "फोटोला काय कळतंय," तू म्हणालास.

अध्यक्ष म्हणाले, सरांनी लातूरसारख्या ठिकाणी एमआरआय आणलं. मागून कोणीतरी दबक्या आवाजात 'एनएमआर' म्हणालं. "तेच ते," अध्यक्ष म्हणाले आणि पुढे गेले. मी शेवटच्या रांगेत होते, शेजारी फरहाना आपा. लहान मुलांच्या डॉक्टर, नांदेडहून सकाळीच निघून आलेल्या. तुझ्या सगळ्या कीर्तीला लागणारं पाठीतलं पाणी, मुलांच्या कण्यातून सुईने काढलेलं, ज्यांच्या वॉर्डातून यायचं, त्या. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. गप बस, असा त्याचा अर्थ. मी गप्पच होते. तिथे उठून बोलायचं तर सुरुवात ऋषीपासून करावी लागली असती, आणि तेवढं मला जमत नाही. म्हणून इथे बोलते. तू ऐकणार नाहीस, पण त्यात नवीन काय आहे.

आधी तुझ्या बाजूचं सांगून टाकते. तू हुशार होतास. त्या सभागृहात हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्यांनी तुझी भाषणं ऐकली होती, काम बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. नांदेडला आपण पीएचडी करत होतो तेव्हा विभागाकडे स्वतःचं एनएमआर मशीन नव्हतं. नमुने थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून रेल्वेने हैदराबादला न्यायचे, तिथल्या मशीनवर मिळेल त्या वेळेत चालवायचे आणि स्पेक्ट्रमचे कागद गुंडाळून परत यायचं. येताना तू डब्यातल्या बाकावर ते कागद पसरायचास आणि शेजारच्या माणसाला पाय वर घ्यायला लावायचास.

बिलोलीला माझी आई विचारायची, "तू लोकांची लघवी तपासतीस म्हणून सांगू का बायांना?" मी म्हणायचे, पीएचडी करून राहिली एवढंच सांग. तुला हे सांगितलं तेव्हा तू हसला नाहीस. सुट्टीत माझ्या घरी आलास, आईसमोर पाटावर बसलास आणि तिला नीट समजावून सांगितलंस. माणसाच्या अंगातलं कुठलंही पाणी घ्या मावशी, लघवी घ्या, रक्तातलं पिवळं पाणी घ्या, पाठीतलं घ्या. बारीक नळीत भरून मोठ्या चुंबकात ठेवायचं आणि रेडिओसारख्या लहरींचा धक्का द्यायचा. मग पाण्यात विरघळलेला प्रत्येक पदार्थ आपापल्या जागेवरून उत्तर देतो आणि कागदावर त्याची रेघ उमटते. आम्ही तिला पीक म्हणतो. आई म्हणाली, "आन पीक बरं येतं का?" तू म्हणालास, "तुमच्या पोरीचं लई बरं येतं." त्यानंतर आई तुझी झाली ती झालीच. आपलं बोलणं बंद झालं तरी ती तुझी विचारपूस करायची, आणि मला तिचा राग यायचा.

रेघ ओळखायला मला तू शिकवलंस. नुसती जागा बघून मी एका रेघेला नाव दिलं, तर तू कागद उलटा करून ठेवलास. "पारावर बसलेला प्रत्येक माणूस सरपंच असतो का?" तू विचारलंस. "जागा सारखी असणारे पुष्कळ असतात. त्याचे शेजारी कोण ते बघ. शेजारी जुळले तर शुद्ध पदार्थ आण, त्याच नळीत थेंबभर टाक आणि परत बघ. तीच रेघ वाढली तर तो. बाजूला दुसरी उभी राहिली तर तू गाढव." मी पुष्कळदा गाढव ठरले. तूही दोनदा ठरलास, आणि दोन्ही वेळा मला चहा पाजलास.

दुसऱ्यांच्या कामाला तुझा एक शब्द ठरलेला असायचा. भिकार. छापून आलेला एखादा पेपर वाचायचास, रेघांना दिलेली नावं तपासायचास आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचास, भिकार. लोकांना कसं तुच्छ लेखायचं याची शिकवणी मी तुझ्याकडेच लावली होती. आज तुझ्याबद्दल जे लिहिते आहे त्यात तुझीच शैली दिसली तर दचकू नकोस.

आणि एक गोष्ट, जी मी तुला कधीच सांगितली नाही. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हिच्या हातचे नमुने? मग रिझल्टवर कोण विश्वास ठेवील?" कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही. बिलोलीच्या बौद्धवाड्यातून आलेल्या मुलीला ते फोडून सांगावं लागत नाही. तिथे बसलेले सगळे कागदात डोकं घालून बसले. तू, लातूरच्या वकिलाचा मुलगा, उभा राहिलास आणि म्हणालास, "सर, यापुढे माझा प्रत्येक नमुना रत्नाच भरणार. तुमचे कोण भरणार ते तुम्ही बघा." त्या दिवसानंतर पीएचडी संपेपर्यंत तू स्वतः एकही नळी भरली नाहीस. मी जन्मभराची ऋणी झाले होते. आपण त्यावर कधी बोललो नाही. बोलायचं नसतं असं मला वाटायचं.

पुढे लातूरच्या संस्थेने देणग्या गोळा करून मशीन घेतलं आणि तुला बोलावलं. तू मला बोलावलंस. काम आपांनी दिलं होतं आणि ते चांगलं काम होतं. मेंदूचा टीबी. मुलाला ताप येतो, उलट्या होतात, मान ताठते. साधा मेंदूज्वर की टीबी हे ठरेपर्यंत मूल हातचं जातं. पाठीतल्या पाण्यात टीबीचा जंतू सापडायला वेळ लागतो, पुष्कळदा सापडतच नाही. आपांनी एवढंच विचारलं होतं, तुमच्या मशीनमध्ये काही लवकर दिसतं का?

पहिल्या वर्षी जे दिसलं ते खरं होतं. टीबीच्या मुलांच्या पाण्यात साखर कमी आणि साखर मोडून तयार होणारं लॅक्टेट जास्त. आपा हसून म्हणाल्या, "ये तो हमको मालूम है, अविनाश. साखर तर आमची लॅब पण सांगते." त्या सहज बोलल्या. तुझा चेहरा मात्र मी बघितला. एवढं मोठं चुंबक आणून गावातल्या लॅबला माहीत असलेलंच निघालं, हे अध्यक्षांना कोण सांगणार, असा तो चेहरा होता.

मग ती जोडरेघ आली. लॅक्टेटच्या जरा उजवीकडे, मोजपट्टीवर १.१४ ला, दोन सारख्या दातांची. टीबीच्या मुलांच्या पाण्यात असायची, साध्या तापाच्या मुलांत नसायची. तू तिला ब्युटेनडायॉल म्हणालास. काही जंतू साखर आंबवून ते बनवतात. टीबीचा जंतू बनवतो याला काही पुरावा नव्हता, तर तू 'बनवत असावा' असं लिहिलंस. मी विचारलं, शेजारी कुठे आहेत? तू म्हणालास, साखरेच्या रेघांच्या गर्दीत लपलेत. मी म्हणाले, या मुलांची साखर तर कमी आहे, गर्दीच नाही. तू म्हणालास, "रत्ना, तू लई शंका काढून राहिलीस." ज्याने मला शंका काढायला शिकवलं त्याच्या तोंडचं हे वाक्य. पेपर छापून आला. वर्तमानपत्रात बातमी आली. संस्थेने डॉक्टरांना रिपोर्ट द्यायला सुरुवात केली, खाली तुझी सही.

मी नांदेडला गेले. आपांना विचारलं, ज्या मुलांत ही रेघ दिसते त्यांना तुम्ही पाणी काढायच्या आधी काय काय देता? आपा म्हणाल्या, "झटके आले असतील तर झटक्यांचं इंजेक्शन. टीबीच्या पोरांना झटके जास्त येतात." ते औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून कंपनी ते प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळवून देते. आपांनी एक कुपी दिली. मी लातूरला आले, ज्या नमुन्यात तुझी जोडरेघ होती त्यात शुद्ध प्रॉपिलीन ग्लायकॉलचा थेंब टाकला. तीच रेघ वाढली. तिचे शेजारीही वाढले, अगदी त्यांच्या त्यांच्या जागी. कुपीतल्या औषधाचा स्पेक्ट्रम घेतला, त्यातही तीच. आणि ब्युटेनडायॉल टाकून बघितलं तर रेघ जरा बाजूला उभी राहिली.

मी कागद तुझ्या टेबलावर ठेवले. तू ते बराच वेळ बघितलेस. मग म्हणालास, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पेपर पाठवला तेव्हा शंका होती. नंतर खात्री झाली."

"मग?"

"मग काय? रेघ दिसते तिथे बहुतेक टीबीच असतो ना? टेस्ट चालतेय. कशामुळे चालतेय याच्याशी त्या आईबापाला काय घेणं?"

"झटके आले आणि इंजेक्शन दिलं, एवढं कळायला चुंबक कशाला पाहिजे, अविनाश? केसपेपर वाच ना."

तू कागद उचलून नीट रचलेस आणि मला परत दिलेस. तू चुकला असतास तर मी तुझ्यासाठी जीव टाकला असता. चुकणारे पुष्कळ असतात, चुकून मीही गाढव ठरले आहे. तुला तर सगळं दिसत होतं. आपल्या सगळ्यांत तुझे डोळे सगळ्यात चांगले होते, आणि ते तू मिटून घेतलेस, कारण तुला हार घालायला माणसं ताटकळली होती. याला माझ्याकडे आदराचा शब्द नाही. तुझाच आहे तो वापरते. भिकार.

त्याच दिवसांत अर्धापूरची वैष्णवी आपांच्या वॉर्डात आली. दुसरी-तिसरीतली मुलगी. वडील गंगाधर, केळीचा टेम्पो चालवणारे. ताप, उलट्या, ताठलेली मान, पण झटके आले नव्हते. म्हणून इंजेक्शन नाही, म्हणून रेघ नाही. तुझ्या सहीचा रिपोर्ट शनिवारी गेला, टीबी नाही. आपा नात्यातल्या लग्नाला हैदराबादला होत्या. वॉर्डातल्या नव्या डॉक्टरांनी तुझ्या सहीवर भरवसा ठेवला आणि थांबले. मला तो रिपोर्ट सोमवारी दिसला. मी आपांना लग्नघरी फोन केला. सनईच्या आवाजात त्यांना नीट ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं, रिपोर्ट मानू नका. त्यांनी साखर किती ते विचारलं, मी सांगितलं, फारच कमी, आणि त्यांनी तिथूनच वॉर्डला फोन करून टीबीचं औषध सुरू करायला लावलं. मुलगी वाचली. डावा हात मात्र पूर्ण परत आला नाही. आधी औषध सुरू झालं असतं तर आला असता का, हे आपा सांगू शकत नाहीत, मीही नाही. तूही सांगू शकला नसतास. पण तुला तो प्रश्न पडायला हवा होता.

तुला राग आला तो मी पाठीमागून फोन केला याचा. "संस्थेची अब्रू घालवलीस," म्हणालास. मी त्याच आठवड्यात सोडलं आणि इथल्याच एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना शिकवायला लागले. मग मी तुझा पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला सगळे स्पेक्ट्रम जोडून पत्र लिहिलं. कोणाला कधी इंजेक्शन दिलं त्याच्या नोंदी मागितल्या, तर हॉस्पिटलने दिल्या नाहीत. नियतकालिकाने तुझं उत्तर मागवलं आणि मला त्याची प्रत पाठवली.

सुंदर इंग्रजी लिहायचास. मला त्यातला एकच शब्द लागला. तू लिहिलं होतंस की रत्नमाला यांनी हाताळलेले नमुने दूषित असल्याची शक्यता आहे.

दूषित. माझ्या हातचे. जगात कोणीही हे लिहिलं असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं. नांदेडच्या त्या सरांनी लिहिलं असतं तर दिलंच असतं. तुला दिलं नाही. तो शब्द कुठे बसतो ते तुला माहीत होतं, त्या खोलीत तू उभा राहिला होतास. नियतकालिकाने प्रकरण बंद केलं. मीही तुला बंद केलं.

रिपोर्ट देणं तू नंतर हळूच थांबवलंस, मशीन दुरुस्तीला आहे म्हणून. दुरुस्ती काही झाली नाही. मग तू क्लासवाल्यांच्या कार्यक्रमांतून दिसायला लागलास, हजारो पोरांपुढे माईक घेऊन, 'खेड्यातूनही शास्त्रज्ञ होता येतं' वगैरे. होता येतं. टिकता येतं का, ते त्यांना सांगायला हवं होतंस.

मागच्या वर्षी गंजगोलाईच्या बाजारात आपण समोरासमोर आलो. तू डाळिंबं घेत होतास. केस पांढरे झाले होते आणि तुला ते शोभत होते, याचाही मला राग आला. तू म्हणालास, "आई कशी आहे?" मी म्हणाले, गेली. तुला ते माहीत नव्हतं. पिशवी खाली ठेवलीस. "रत्ना, ते पत्र," असं म्हणालास आणि तुझा फोन वाजला. तू बोट वर करून मला थांब म्हणालास आणि फोन घेतलास. मी रिक्षा केली. त्या वाक्याचा पुढचा भाग काय होता, याचा विचार मी गेल्या आठवड्यापर्यंत कधी केला नव्हता. आता दिवसभर तोच चालतो. एका फोनपेक्षा लहान होता तो, एवढं नक्की.

तर कालची सभा. सगळ्यांची भाषणं झाल्यावर सूत्रसंचालक म्हणाले, सरांमुळे जीव वाचलेल्या एका मुलीचे वडील दोन शब्द बोलतील. गंगाधर उठले. पांढरा शर्ट, इस्त्रीच्या घड्या अजून उभ्या. माईकला हात लावावा की नाही ते त्यांना कळेना.

"माझी पोर मेली होती," ते म्हणाले. "सरांच्या मशीननं तिचा आजार पकडला. सर सोता आमच्या घरी आले, जेवले, पोरीच्या डोक्यावर हात ठिवला. दर साली केळीचा पहिला घड म्या सरांच्या घरी देत आलो. आता कुणाला देऊ?" आणि खाली बसले.

आपांनी माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला.

मी बाहेर आले. पायरीपाशी एक मुलगी उभी होती, अकरावी-बारावीतली, पाठीला क्लासची बॅग. डावा हात ओढणीत गुंडाळलेला. "डॉक्टर मॅडमच्या शेजारी बसलेल्या, तुम्ही रत्ना मॅडम ना?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मी वैष्णवी. मी त्या रिपोर्टमुळं वाचले न्हाई, हे मला माहीत हाय."

"कोणी सांगितलं?"

"सरांनीच. मी क्लाससाठी लातूरला आले तेव्हा त्यांनी जेवायला बोलावलं होतं. मी म्हणले, मला पण तुमच्यासारखं त्या मशीनवर काम करायचंय. तर म्हणले, माझ्यासारखं नको. मग सगळं सांगितलं. रिपोर्ट चुकीचा होता, तुम्ही फोन केला म्हणून औषध मिळालं. हाताचं पण सांगितलं. रडले."

"बाबांना माहीत आहे?"

"न्हाई. सर म्हणले, तू सांग त्यांना, मला जमत न्हाई." तिने बॅगचा पट्टा वर ओढला. "मला पण न्हाई जमलं. बाबा लई मानतात. मला वाटलं, सर कधीतरी सोता सांगतील."

अविनाश, क्षणभर, तू रडलास हे ऐकून, माझ्या आत काहीतरी सुटलं. मग पुढचं वाक्य ऐकलं आणि ते परत घट्ट झालं. खरं बोलायला शेवटी तुला कोण सापडलं? ज्या मुलीचा हात गेला तीच. आणि ते ओझं तिच्याच हातात देऊन तू आणखी एक-दोन घड खाल्लेस.

"आता कोण सांगणार?" वैष्णवीने विचारलं.

"मी सांगते," मी म्हणाले. आपा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "दोघी सांगू."

गंगाधर टेम्पोपाशी होते. आपांना बघून ते पाया पडायला वाकले, आपांनी त्यांना धरलं. मग मी सांगितलं. रेघ कशाची होती, रिपोर्ट का चुकला, मधले दिवस कसे गेले, फोन, औषध. साध्या शब्दांत, जसं तू माझ्या आईला सांगायचास तसं. तेवढं एक मला तुझ्याकडूनच आलं आहे. त्यांनी मुलीकडे बघितलं. तिने मान हलवली.

"मंजी सरांला हे ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

ते टेम्पोच्या दाराला टेकले. म्हणाले, "मग ते माझ्या घरी बसून जेवले कसे?"

इतकी वर्षं मी तुला काय काय म्हणत आले, मनात, वर्गात, आरशासमोर, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांनी तुला शिवी दिली नाही. ओढणीतला मुलीचा हात बाहेर काढला, तिच्या बोटांवरून अंगठा फिरवला आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं.

आज मी ते पत्र पुन्हा पाठवलं. या वेळी सोबत आपांची सही आहे. त्या आता विभागप्रमुख झाल्यात, म्हणून इंजेक्शनच्या जुन्या नोंदीही त्यांनी सकाळीच काढून पाठवल्या. पेपर मागे घेतला जाईल, बहुतेक. अध्यक्ष म्हणतील, मेलेल्या माणसावर सूड उगवला. म्हणू देत.

नियतकालिकाचा नियम आहे, उत्तर द्यायची संधी लेखकाला मिळते. ते तुझ्या पत्त्यावर मेल पाठवतील आणि तो तिथेच पडून राहील. तू असतास तर उत्तर दिलं असतंस. ते माझ्या पत्रापेक्षा सुंदर असतं, खोटं असतं, त्यात माझ्या हातांबद्दल आणखी एखादा शब्द असता. आणि मी तो कागद घेऊन, एवढ्या वर्षांनी, चप्पल घालून तुझ्या दारात भांडायला आले असते. दार तूच उघडलं असतंस. ते आता होणार नाही. बाकी सगळं मला सहन होतं, अविनाश. हे होत नाही.

रत्ना